धुतलेली कॉफी

जयपूर शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. अरेबिका जातीच्या कॉफीस साधारणतः याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक पाऊस लागतो. साहजिकच जयपूरकरांच्या पेल्यातील कॉफी दूरच्या डोंगराळ प्रदेशांतून येते. तिच्यातील उत्तम प्रकारांना झाडावरून उतरल्यानंतरही पुष्कळ पाणी लागते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा कॉफीस ‘धुतलेली कॉफी’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील केनिया देश तिच्याकरिता विशेष प्रसिद्ध आहे.

केनियात कॉफीची लागवड १८९३ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी आणली. तेथील मळे बहुतांशी १,४०० ते २,००० मीटर उंचीवर आहेत. उंचावरील थंड हवेत फळ सावकाश पिकते व बी घट्ट भरते. फळाच्या लाल सालीखाली बहुधा दोन बिया समोरासमोर चिकटलेल्या असतात. प्रत्येक बीवर कागदासारखे कवच आणि त्या कवचावर बुळबुळीत गराचा थर असतो.

पिकलेली लाल फळे तेवढी निवडून खुडतात आणि शक्यतो त्याच दिवशी यंत्राने त्यांची साल काढतात. उरलेला थर नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण त्यात पेक्टिन हा चिकट पदार्थ असतो. यास्तव बिया हौदात आंबत ठेवतात. यीस्ट, जीवाणू आणि फळातील एंझाइमे पेक्टिनाचे विघटन करतात. हवामानानुसार यास अर्धा ते दीड दिवस लागतो. वेळ कमी पडल्यास थर तसाच राहतो, अधिक झाल्यास बी सडू लागते. अशा मोजक्या बियांची दुर्गंधी साऱ्या कॉफीस लागते. म्हणून अनुभवी कामगार मूठभर बिया चोळून पाहतो. त्या खरखरीत लागल्या की आंबण्याची क्रिया पूर्ण झाली असे समजतात.

मग बिया पाटातून धुतात. जड दाणे तळाशी बसतात, हलके पुढे वाहून जातात. केनियात पुष्कळ ठिकाणी त्या पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवतात. शेवटी उंच मांडवांवर पसरून, दहा ते बारा टक्के ओलावा उरेपर्यंत वाळवतात.

फळासकट वाळवलेल्या कॉफीत गराची चव उतरते. धुतलेल्या कॉफीत गर आधीच निघून जातो व बीचे मूळ गुण स्पष्ट होतात. एकाच मळ्याचा माल वेगळा राखण्याचे कारणही हेच होय. अनेक मळ्यांचे दाणे मिसळल्यास एकाचा दोष व दुसऱ्याचा गुण दोन्ही झाकले जातात. आपल्याकडे कर्नाटकातील चिकमगळूर व कोडगू येथेही ही पद्धत रूढ असून, धुतलेल्या अरेबिकास ‘प्लँटेशन’ आणि फळासकट वाळवलेल्या कॉफीस ‘चेरी’ म्हणतात.

या शुद्धतेचे मोल ओढ्यास द्यावे लागते. धुण्याच्या पाण्यात गराचे सेंद्रिय द्रव्य असते. ते ओढ्यात सोडल्यास कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषला जातो आणि मासे मरतात. म्हणून तेच पाणी फिरवून पुन्हा वापरणे, सांडपाणी खड्ड्यांत निवळवणे, सालींचे खत करणे आणि गर यंत्राने घासून काढणे असे उपाय योजले जातात. यंत्राने पाण्याची मोठी बचत होते. धुतलेल्या कॉफीची पारख करताना तिच्या स्वादाबरोबर, ती धुतलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हेही विचारले पाहिजे. पाण्याचे मोल जाणणाऱ्या जयपूरसारख्या नगरीस हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.