तलवारमासा आणि खोल समुद्रातली मासेमारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : तलवारमासा संपत चालला आहे, त्याची मासेमारी बंद करणं हाच उपाय.
उत्तर अटलांटिकमध्ये १९९०च्या दशकात ही भीती रास्त होती. वयात येण्याआधीच मासे गळाला लागत होते. १९९८मध्ये अमेरिकेतल्या अनेक नामांकित शेफनी हा मासा आपल्या मेन्यूतून काढून टाकला. पुढच्याच वर्षी अटलांटिकच्या ट्यूना संवर्धन आयोगाने, म्हणजे ‘आयकॅट’ने, दहा वर्षांची पुनर्भरण योजना आखली, त्यानंतर अमेरिकेने फ्लोरिडालगतचे पिल्लांच्या वाढीचे पट्टे लाँगलाइनला, म्हणजे गळ लावलेल्या लांब दोराच्या मासेमारीला, बंद केले आणि २००९च्या मूल्यमापनात साठा सावरल्याचं दिसलं. मादी चार-पाच वर्षांत वयात येते आणि लाखो अंडी घालते, म्हणून उसंत मिळताच हा मासा भरून येतो. भूमध्य समुद्रात मात्र अशी योजना यायला २०१६ उजाडलं. तोवर तिथला साठा खालावलेलाच होता. मासा एकच असला तरी प्रत्येक समुद्राचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

गैरसमज : साठा सावरला, म्हणजे मासेमारी निर्धोक झाली.
साठ्याचा आकडा फक्त तलवारमाशाबद्दल बोलतो. लाँगलाइनचा दोर मैलोन्‌मैल पसरतो आणि त्याच्या गळांना शार्क आणि समुद्री कासवंही लागतात. जुना इंग्रजी ‘जे’ आकाराचा गळ कासव थेट गिळतं आणि तो घशात रुततो. गोल गळाचं टोक आत वळलेलं असल्याने तो बहुधा जबड्याच्या कडेला अडकतो आणि काढता येतो. हवाईत २००४पासून गोल गळ आणि माकुलाऐवजी बांगड्यासारख्या माशाचं आमिष सक्तीचं झालं, प्रत्येक फेरीवर निरीक्षक आला आणि कासवांची वार्षिक मर्यादा ठरली. लॉगरहेड कासवं गळाला लागण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटलं. तरीही मार्च २००६मध्ये सतरा लॉगरहेडची मर्यादा गाठली जाताच उरलेल्या वर्षाची मासेमारी थांबवली गेली.

गैरसमज : एवढा खटाटोप कशाला? भाल्याने मारावा, नाहीतर सरळ बंदी घालावी.
भाल्याची मासेमारी सर्वांत स्वच्छ, हे खरंच. मासा बघून, निवडून मारला जातो. पण तलवारमासा दिवसा बहुतेक वेळ शेकडो मीटर खोल असतो. नोव्हा स्कॉशियासारख्या थंड पाण्यात तो उन्हाला वर येतो, तिथेच भाला चालतो. तेवढ्यावर जगाची मागणी भागत नाही. बंदीचा अनुभवही बोलका आहे. २००१मध्ये हवाईची तलवारमाशाची लाँगलाइन मासेमारी बंद झाली, पण अमेरिकेतली मागणी कायम राहिली. ती इतर देशांच्या, सैल नियमांच्या ताफ्यांनी पुरवली. कासवांचं मरण फक्त दुसऱ्या समुद्रात सरकलं.

म्हणून माझा आग्रह नियम सगळ्या ताफ्यांना सारखे लागू करण्याचा आहे. भारत सदस्य असलेल्या हिंद महासागर ट्यूना आयोगाने मोठ्या नौकांसाठी निरीक्षणाची किमान अट अवघी पाच टक्के ठेवली. ज्या फेऱ्यांवर कोणाचीच नजर नाही, तिथली मासेमारी टिकाऊ असल्याचा दावा मान्य करता येत नाही. ही टक्केवारी वाढवण्याची मागणी भारतानेही लावून धरली पाहिजे.