अब्दुल रहमान मुनीफ : तेलाच्या काळाचा कादंबरीकार

अनेक देशांचा माणूस

मुनीफ यांचा जन्म १९३३ मध्ये अम्मानला झाला. वडील सौदी अरेबियातल्या नज्द भागातले व्यापारी, आई इराकी. कायद्याच्या शिक्षणासाठी ते बगदादला गेले. पाश्चात्त्य गटाच्या ‘बगदाद करार’ या लष्करी कराराविरुद्धच्या आंदोलनात पडले आणि १९५५ मध्ये त्यांना इराकबाहेर काढण्यात आले. उरलेले शिक्षण कैरोत झाले आणि डॉक्टरेट बेलग्रेडला, तीही तेलाच्या अर्थशास्त्रात. तरुणपणी ते अरब राष्ट्रवादी बाथ पक्षात होते, पुढे त्यांनी पक्ष सोडला. त्यांच्या राजकारणावर चिडलेल्या सौदी सरकारने १९६३ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले.

त्यानंतर दमास्कस, बैरुत, बगदाद, फ्रान्स आणि पुन्हा दमास्कस अशी फिरती चालू राहिली. सीरियात त्यांनी तेल-उद्योगात नोकरी केली, बगदादला तेल आणि विकास या विषयावरचे नियतकालिक संपादित केले. पहिली कादंबरी १९७३ मध्ये आली तेव्हा वय चाळीस होते. २००४ मध्ये दमास्कसलाच त्यांचे निधन झाले.

तुरुंग आणि दुष्काळ

‘भूमध्याच्या पूर्वेला’ (१९७५) ही कादंबरी छळछावणीसारख्या तुरुंगाविषयी आहे. राजकीय कैदी रजब शरणागतीच्या कागदावर सही करून सुटतो, उपचारासाठी युरोपात जातो आणि त्या सहीचे ओझे त्याला जगू देत नाही. कथा आलटून पालटून तो आणि त्याची बहीण अनीसा सांगतात. देशाचे नाव मुनीफ यांनी मुद्दाम दिलेले नाही. अरब वाचकाने आपापला देश भरून घ्यावा.

दोनेक वर्षांनी आलेली ‘अखेर’ आकाराने लहान असली तरी माझ्या मते त्यांची सर्वांत बांधीव कादंबरी. वाळवंटाच्या कडेच्या तिबा गावात दुष्काळ पडतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना शिकारीला नेताना अस्साफ हा एकलकोंडा शिकारी आणि त्याचा कुत्रा वाळूच्या वादळात मरतात. रात्रभर गाव मृतदेहाभोवती बसून प्राण्यांच्या आणि माणसांच्या गोष्टी सांगत राहते. दुसऱ्या दिवशी दफन आटोपून गावकरी जातात ते धरण मागायला. राजकीय कादंबरीतली मागणी इतक्या उशिरा आणि इतक्या हक्काने आलेली क्वचितच दिसते.

मिठाची शहरे

‘मिठाची शहरे’ ही पाच खंडांची कादंबरी १९८४ ते १९८९ या काळात प्रसिद्ध झाली. पाणी आले की विरघळून जातील अशी, तेलाच्या पैशावर एका रात्रीत उभी राहिलेली शहरे, असा नावामागचा विचार.

पहिला खंड वादी अल्-उयून या झऱ्यांच्या, खजुरीच्या गावात सुरू होतो. पाणी शोधतोय असे सांगत अमेरिकन येतात. मितेब अल्-हथाल या एकाच माणसाला धोका कळतो. झाडे यंत्रांनी उपटली जाताना पाहून तो सांडणीवर बसून निघून जातो. इथे दुसरा लेखक त्याच्या मागे गेला असता. मुनीफ जात नाहीत. मितेब पुढे फक्त अफवेसारखा भेटतो आणि कादंबरी हर्रान या बंदरगावाकडे वळते. तिथे एका गावाचे दोन भाग होतात: अमेरिकनांची वातानुकूलित वसाहत आणि पत्र्याच्या बराकींतले मजूर. तिथला सत्ताधारी अमीर दुर्बीण आणि रेडिओत रमतो, कंपनीचे लोक कामगारांना नातेवाइकांबद्दल आणि धर्माबद्दल प्रश्न विचारतात. शेवटी कामावरून काढलेल्या माणसांसाठी संप होतो.

एवढ्या मोठ्या पुस्तकात नायक असा कोणी नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच मुनीफ यांची खरी राजकीय कृती. तेलाच्या उत्पन्नाचे आकडे त्यांना चांगले ठाऊक होते, तरी ते इथे जवळजवळ दिसत नाहीत. गावाने कुजबुजत, चुकीचे अंदाज बांधत बदल कसा अनुभवला ते दिसते. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी नायक नसल्याचीच तक्रार केली: एका व्यक्तीचा नैतिक प्रवास नाही, मग ही कादंबरी कसली? हा आक्षेप मला अपुरा वाटतो, कारण जे उजाड झाले ते एका माणसाचे आयुष्य नव्हते. पुढच्या खंडांत राजवाडे आणि सल्लागार येतात तसा उपहास वाढतो आणि माणसे थोडी सपाट होतात, हे मात्र मान्य करावे लागते.

सौदी अरेबियाने पुस्तकावर बंदी घातली. १९९८ मध्ये कैरोत अरबी कादंबरीसाठीचा पहिला पुरस्कार मुनीफ यांना मिळाला.

संपानंतर

कादंबरीकार अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये ‘मिठाची शहरे’वर गाजलेला लेख लिहिला. तेलाने विसावे शतक घडवले, पण त्यावर साहित्य जवळपास नाही, हा त्यांचा मुद्दा. मुनीफ यांची कादंबरी ही उणीव भरते, पण एका जागी इतिहासापासून वेगळी होते: तिच्यातला संप यशस्वी होतो. प्रत्यक्षात सौदी अरेबियातल्या अराम्को या तेल कंपनीत १९५३ आणि १९५६ मध्ये संप झाले आणि त्यानंतर राजाज्ञेने संपावरच बंदी आली. पुढे तेलाचे भाव चढले तसे आखातात परदेशी मजूर मोठ्या संख्येने भरले जाऊ लागले. नागरिकत्व नाही, संघटना नाही, व्हिसा मालकाच्या हातात. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातून गेलेली माणसेही त्यांत होती. मुनीफ यांच्या पहिल्या खंडात ती नाहीत; त्यांची गोष्ट हर्रानच्या पत्र्याच्या बराकींच्या पुढे सुरू होते.