नाचातली आठवण

लावणी म्हटली की पुष्कळ लोक नाक मुरडतात. पण ती नाचणाऱ्या बाईने किती जपून ठेवले आहे, ते आपण पाहू या.

वाईच्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. जन्म १९१५ सालचा. लावणी त्या आईकडे शिकल्या. पोथी नाही, वही नाही. आईच्या गळ्यातले लेकीच्या गळ्यात आले. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणते. दर खेपेला डोळ्यांनी, हातांनी नवा अर्थ दाखवते. ही अदा पुस्तकात सापडत नाही. ज्या कलेपायी या बायांना नावे ठेवली, त्याच कलेसाठी २०१२ साली यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्या वारल्या.

पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात अशा कितीतरी बायांनी ही कला जगवली.

दूर पॅलेस्टाईनमध्येही असेच आहे. १९४८ साली तिथल्या सुमारे सात लाख लोकांचे घरदार सुटले. गाव गेले, पण दबके नावाचा नाच राहिला. हातात हात धरायचा, रांगेने उभे राहायचे, जमिनीवर पाय आपटायचे. आपण कोठले, हे तिथल्या लेकीबाळींना त्यातून कळते.

आम्ही म्हणतो, नाच ही न लिहिलेली बखरच होय. शिकणारे कोणी उरले नाही, तर ती पुसली जाते.

तुमच्या घरच्या आजीला झिम्मा-फुगडीची गाणी येत असतील. तुम्ही आता लिहू लागलात. ती वहीत उतरवून घ्या. पावले मात्र तिच्याकडूनच शिका. ती वहीत मावायची नाहीत.