जिस्ट कार्ड

संगणकातील अक्षरसंकेतांचे भारतीय लिप्यांतील चित्रबिंदूंत (पिक्सेलांत) रूपांतर करणारा मंडलफलक. या तंत्राचा पाया कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत घातला गेला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने त्याचा प्रसार केला.

८० अक्षरांच्या २५ ओळींचा मजकूर अक्षर व रंग यांच्या संकेतांसह ४,००० बाइटांत मावतो. ६४० × ४८० चित्रबिंदूंचा एकरंगी पडदा बिंदुशः साठविल्यास ३८,४०० बाइट लागतात. रोमन लिपी धरून आखलेली ही काटकसर देवनागरीला मात्र जाचक ठरते, कारण येथे एका संकेताला एकच ठरावीक आकृती नसते. ‘कि’ मधील पहिली वेलांटी संकेतक्रमात ‘क’ नंतर, परंतु पडद्यावर त्याच्या आधी येते; ‘क्ष’ मध्ये क, हलन्त व ष हे तीन संकेत मिळून एकच आकृती होते. ही जुळणी फलकावरच होत असल्याने डॉस प्रणालीवरील, केवळ अक्षरे दाखविणारे अनेक इंग्रजी कार्यक्रम न बदलता मराठीत वापरता आले. एरवी ते नव्याने लिहावे लागले असते. संकेतांचे भारतीय प्रमाण (इस्की) १९९१ मध्ये निश्चित झाले. पुढे संगणकाच्या मूळ प्रणालीच ही जुळणी करू लागल्याने स्वतंत्र फलकाची गरज उरली नाही.