मसाला टोस्ट सँडविच एकाच ट्रेमध्ये, चौघांसाठी! कसं करायचं?

बटाटा, बीट, कांदा, टोमॅटो, हिरवी चटणी आणि वरून चीज. मुंबईचं मसाला टोस्ट सँडविच वाकोल्यापासून मुलुंडपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं. गाडीवर गिऱ्हाईक एकेक करून येतं, म्हणून एकेक सँडविच भाजणं तिथे जमतं. घरी मात्र चौघांना एकदमच भूक लागते. पहिलं सँडविच संपतं तेव्हा चौथं अजून तव्यावर असतं आणि करणारी व्यक्ती, बहुतेक घरांत आईच, शेवटी ओट्यापाशी उभ्यानेच खाते. यावर उपाय म्हणजे तेच सँडविच ट्रेमध्ये थर लावून भाजायचं.

ही कल्पना आली कुठून?
आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. पाश्चात्त्य घरांत मात्र खोलगट भांड्यात थर लावून भाजलेल्या जेवणालाही कॅसरोल म्हणतात. अमेरिकेत मांस, आंबवलेला कोबी आणि चीजचं 'रूबेन' सँडविच अशाच पद्धतीने घरच्या जेवणात आलं.

साहित्य (चार जणांसाठी)
• ब्रेडचे ८ स्लाइस, शक्यतो आदल्या दिवशीचे
• ४ मध्यम उकडलेले बटाटे, १ लहान उकडलेलं बीट
• १ कांदा, १ सिमला मिरची, २ टोमॅटो
• पाऊण वाटी घट्ट हिरवी चटणी, सँडविच मसाला, लोणी
• १ कप दूध, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर (किंवा २ अंडी)
• १०० ग्रॅम किसलेलं चीज

थर कसे लावायचे?
१. स्लाइस तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजा. आधी लोणी, त्यावर चटणी लावा. लोण्यामुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये लवकर मुरत नाही.
२. सुमारे ८ इंची चौकोनी ट्रेला लोणी लावून तळाशी ४ स्लाइस ठेवा.
३. त्यावर मसाला घालून कुस्करलेला निम्मा बटाटा, मग बीट, कांदा, सिमला मिरची आणि टोमॅटो, वर उरलेला बटाटा. बीट दोन बटाट्यांच्या मध्ये राहिलं की त्याचा रंग ब्रेडपर्यंत फारसा जात नाही.
४. उरलेले ४ स्लाइस चटणीची बाजू खाली करून ठेवा. दुधात कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ ढवळून वर सगळीकडे ओता, १० मिनिटं मुरू द्या. मग चीज पसरा.
५. ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० मिनिटं झाकून, नंतर १० मिनिटं उघडं भाजा. बाहेर काढल्यावर १० मिनिटं थांबा, तरच वड्या नीट कापता येतात.

काय बदलावं लागतं?
काकडी आत घालू नका. तिला गरम झाल्यावर पाणी सुटतं आणि ब्रेडचा लगदा होतो. तिची कोशिंबीर करून सोबत द्या. टोमॅटोच्याही बिया काढा. लिंबाच्या आंबटपणाने आणि उष्णतेने कोथिंबिरीचा हिरवा रंग काळपट होतो, म्हणून आतल्या चटणीत लिंबू नको. लिंबू पिळलेली थोडी चटणी वेगळी ठेवा आणि वाढताना वरून घाला.

ओव्हन नसेल तर?
जाड बुडाच्या, झाकण असलेल्या पॅनमध्ये थर लावा. खाली तवा ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं ठेवा. चीज वितळेल, पण वरून सोनेरी रंग येणार नाही. अंडी वापरली असतील, तर मधोमध सुरी घालून ती कोरडी निघते का, ते पाहा.

हे टाळा
ब्रेडवर बुरशीचा एक ठिपका दिसला, तरी सगळं पाकीट टाकून द्या. बटाटे आधी उकडून ठेवायचे असतील, तर मुंबईच्या दमट हवेत ते ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवा.

चव तशीच लागते का?
चटणी, मसाला आणि बटाट्याची चव तीच राहते. गाडीवरच्या टोस्टचा कुरकुरीतपणा मात्र यात येत नाही. कडा खरपूस आणि आतून मऊ, त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांनाही चावायला सोपं. आणि ज्यांनी केलं, त्यांनाही सगळ्यांबरोबर बसून गरम खाता येतं. उरलंच, तर सकाळी वडी तव्यावर लोणी सोडून परता आणि डब्यात द्या.