खेळाडूचा गुडघा आणि बारा वर्षांची वाट

भातकापणी आटोपली की महाड-पोलादपूरच्या गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. आपल्या शाळेचे कितीतरी आजी-माजी विद्यार्थी या मैदानांवर घडले. मात्र याच मैदानांवर दरवर्षी काही तरुणांचा खेळ कायमचा थांबतो. चढाईपटूचा पाय पकडीत अडकतो, शरीर एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे वळतो, आतून काही तुटल्याचा आवाज येतो आणि काही तासांत सूज चढते. मग लेप, शेक, मालीश आणि हाडवैद्य अशी फिरती सुरू होते. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन महिन्यांनी तो तरुण पुन्हा मैदानात उतरतो, तेव्हा वळताना गुडघा दगा देतो. खेळ सुटतो आणि त्याबरोबर खेळाडूंसाठीच्या आरक्षणातून मिळू शकणारी शासकीय नोकरीही हातची जाते.

अशा दुखापतीचा खरा जाणकार म्हणजे क्रीडा-अस्थिशल्यविशारद. ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ असे आपली मुले सहज सांगतात. परंतु कोणता डॉक्टर, कोणत्या वाटेने आणि किती वर्षांत, याची माहिती फार थोड्या घरांत असते. म्हणून या एका शाखेची वाट आरंभापासून शेवटपर्यंत येथे मांडली आहे.

हा डॉक्टर नेमके काय करतो?

‘ऑर्थोपेडिक्स’ हा शब्द निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये आपल्या ग्रंथासाठी घडवला. ‘सरळ’ आणि ‘बालक’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला. वाकड्या वाढणाऱ्या मुलांची शरीरे सरळ करणे हा त्याचा मूळ अर्थ होता. पुढे महायुद्धे, कारखाने आणि वाहने यांमुळे मोडलेल्या हाडांची संख्या वाढली व हे शास्त्रही विस्तारले. सांध्यांच्या आतील दुखापतींवरचे आजचे उपचार मात्र बऱ्याच अंशी जपानची देणगी आहेत. टोकियोतील प्राध्यापक केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने मृतदेहाच्या गुडघ्याचा आतला भाग पाहिला. त्यांचीच परंपरा पुढे नेणारे मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने गुडघ्यातील फाटलेल्या गादीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया केली. हीच आजची आर्थ्रोस्कोपी. पूर्वी यासाठी गुडघा मोठा छेद देऊन उघडावा लागे. आता दोन-तीन लहान छिद्रे पुरतात. सांध्यात सलाइनचे पाणी खेळवून जागा केली जाते आणि कॅमेऱ्याने दिसणारे चित्र पडद्यावर पाहत शल्यविशारद काम करतो.

गुडघ्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, मांडीच्या हाडाखालून नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही व वळताना गुडघा स्थिर ठेवतो. कबड्डीत तुटतो तो बहुधा हाच. तो हाड नसल्यामुळे क्ष-किरणात दिसत नाही; अनुभवी डॉक्टरच्या हाताच्या तपासणीत आणि एमआरआयमध्ये त्याचे तुटणे कळते. पूर्ण तुटलेला हा बंध आपोआप पूर्ववत सांधला जाण्याची शक्यता कमी असते. म्हणून रुग्णाच्याच मांडीमागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेऊन, हाडांत बोगदे पाडून, तिथे नवा बंध बसवला जातो. शस्त्रक्रियेला तास-दीड तास लागतो. खेळात परतण्यासाठी मात्र साधारण नऊ महिने किंवा त्याहून अधिक व्यायामोपचार करावे लागतात. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांच्या मोटारीला ३० डिसेंबर २०२२ रोजी अपघात झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत डॉ. दिनशा पारडीवाला यांनी त्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया केली. पंत स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतले ते मार्च २०२४ मध्ये. उत्तमातले उत्तम उपचार मिळूनही वर्षाहून अधिक काळ गेला. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व पुढच्या संयमाला आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वाटेचे टप्पे

पहिला टप्पा दहावीनंतरचा. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ ही अखिल भारतीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती ७२० गुणांची असते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व ८५ टक्के राज्यातून भरल्या जातात. आपल्या जिल्ह्यातही अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

दुसरा टप्पा एमबीबीएसचा. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता, अशी ही साडेपाच वर्षे. येथे शरीररचनाशास्त्रापासून प्रसूतिशास्त्रापर्यंत सारे शिकावे लागते. केवळ हाडांचा डॉक्टर असा येथे कोणी नसतो. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना यानंतर एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे बंधन असते.

तिसरा टप्पा ‘नीट-पीजी’चा. खरी चुरस येथे असते, कारण पदव्युत्तर जागा मर्यादित आहेत आणि अस्थिशल्यशास्त्राला मागणी मोठी आहे. यशस्वी झालेला विद्यार्थी तीन वर्षांचा एम.एस. (ऑर्थोपेडिक्स) किंवा त्याला समकक्ष डीएनबी अभ्यासक्रम करतो. या तीन वर्षांत तो निवासी डॉक्टर असतो. रात्री-अपरात्री येणारे अपघातग्रस्त, प्लास्टर, सळया, पट्ट्या, बाह्यरुग्ण विभाग आणि प्रबंध हे सारे त्याच्या वाट्याला येते. तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काम करावे लागते. या काळात विद्यावेतन मिळते, ही दिलाशाची बाब. शासकीय संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास पुन्हा एक वर्षाच्या सेवेचे बंधन येते.

चौथा टप्पा विशेषीकरणाचा. एम.एस. झालेला डॉक्टर सर्व प्रकारची हाडे जोडू शकतो. खेळाडूचा खांदा किंवा गुडघा दुर्बिणीतून दुरुस्त करण्यासाठी त्याला वेगळे शिक्षण लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची क्रीडावैद्यकातील फेलोशिप दोन वर्षांची आहे. अनेक रुग्णालयांत एका वर्षाच्या फेलोशिपही असतात. काही जण त्यानंतर परदेशात अल्पकाळ शिकून येतात. तुलनाच करायची तर अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर अस्थिशल्यशास्त्राचे निवासी प्रशिक्षण पाच वर्षांचे व क्रीडावैद्यकाची फेलोशिप एका वर्षाची असते.

या साऱ्याची बेरीज केली तर बारावीनंतर सुमारे बारा वर्षे होतात. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा किंवा मुलगी तिशीला पोहोचते, तेव्हा कोठे ‘विशेषज्ञ’ ही पाटी लागते. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, शासकीय सेवा, मोठ्या रुग्णालयातील नोकरी, स्वतःचे रुग्णालय किंवा एखाद्या क्रीडासंघाबरोबर काम, असे पर्याय खुले होतात. ज्यांना शस्त्रक्रियेची ओढ नाही, त्यांच्यासाठी एम.डी. (क्रीडावैद्यक) हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि फिजिओथेरपीची वाटही आहे. चांगल्या फिजिओथेरपिस्टविना कोणतीही गुडघ्याची शस्त्रक्रिया तडीस जात नाही. ही शाखा बळाची म्हणून पुरुषांची, असा समज अजूनही आहे आणि त्यामुळे स्त्रिया तिच्यात थोड्या दिसतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला मात्र बळापेक्षा स्थिर हात व सावध नजर लागते. आपल्या मुलींनी त्या समजाला भीक घालू नये.

वर्षे कोणी सोसायची?

दीर्घ विद्यार्थिदशा आपल्या परंपरेला अपरिचित नाही. विनयपिटकातील कथेनुसार राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले एक अर्भक राजपुत्र अभयाने वाढवले. तोच पुढे भगवान बुद्धांचा वैद्य जीवक झाला. तक्षशिलेत त्याने सात वर्षे वैद्यकाचा अभ्यास केला. भोवतालच्या योजनभर परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे आचार्यांनी सांगितले तेव्हा तो रिकाम्या हाताने परतला. तशी एकही वनस्पती त्याला आढळली नाही. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मानले. या कथेत जन्माचा प्रश्न कोठेही आड येत नाही. मात्र ती सात वर्षे त्याला मिळाली, हे विसरता येत नाही.

बाबासाहेबांच्या जीवनातही हाच प्रश्न उभा राहिला. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांच्या बुद्धीत काहीही उणे नव्हते. कमी पडली ती वर्षे आणि पैसा. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेली रक्कम, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची मदत यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. मागे रमाईंनी संसाराची झळ सोसली. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याकाठी ते ज्या अधिकाराने उभे राहिले, त्याच्या मागे ही पुन्हा मिळवलेली वर्षे होती.

आज आपल्या मुलांची गळती याच ठिकाणी होते. एमबीबीएसपर्यंत घर कसेबसे साथ देते. मुलगा ‘डॉक्टर’ झाला की त्याच्या पगाराची वाट पाहिली जाते. बहिणीचे लग्न, घराचे कर्ज, वडिलांचे आजारपण हे सारे त्याच्या पुढ्यात येते, आणि ‘नीट-पीजी’च्या अभ्यासाचे ते एक वर्ष त्याला परवडत नाही. यात आईवडिलांचा दोष नाही. त्यांनी आधीच पोटाला चिमटा घेतलेला असतो. म्हणून ही जबाबदारी एका घराची न राहता समाजाची झाली पाहिजे.

काही गोष्टी तर आजच करता येतात. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करावा; ऐन प्रवेशाच्या वेळी त्यावाचून हातातली जागा जाऊ शकते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी १९९० पर्यंत लढावे लागले. तो हक्क कागदाअभावी वाया जाऊ नये. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातींना १३ टक्के व अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के जागा आहेत. अभिमत विद्यापीठांत मात्र असे आरक्षण नाही, हे अर्ज भरतानाच ध्यानात घ्यावे. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या योजनांकडेही लक्ष ठेवावे.

उरते ते शासनाच्या योजनांत न बसणारे एक वर्ष, ‘नीट-पीजी’चे. आपले माजी विद्यार्थी मुंबई-पुण्यात स्थिरावले आहेत. दहा जणांनी मिळून एका विद्यार्थ्याच्या त्या वर्षाचा राहण्या-जेवण्याचा भार उचलला, तर कोणा एकावर तो जड होणार नाही. त्या घरी दरमहा थोडी मदत पोहोचली, तर मुलाचा अभ्यासही निर्वेध होईल.

एवढा शिकलेला मुलगा गावाकडे फिरकेल का, अशी शंका काही पालक घेतात. तिचे उत्तर महाडमध्येच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, पुढे एम.डी. करून याच भागात परतले आणि विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी सिद्ध केला. त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापले गेले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगाला उपयोगी पडणारे ज्ञान महाडच्या रुग्णांतून उभे राहू शकते. मग कबड्डीच्या गुडघ्याचा जाणकार पोलादपूरच्या मातीतून का उभा राहू नये? आज वसतिगृहात आठवीत शिकणारे एखादे मूल मनात ही इच्छा बाळगून असेल. त्याच्या वाटेतील पहिली काही वर्षे शाळा सांभाळते आहे. पुढची आपण सर्वांनी वाटून घ्यावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!