थोडी वाकलेली चासी : आधी माप, मग जॅक

उसाचा हंगाम संपत आला की नांदेड-लातूरच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. गाडी तिरकी चालते, टायर एका बाजूने खातो. ड्रायव्हर म्हणतो, खड्ड्यात आदळली, चासी थोडी वाकली असेल, सरळ करून द्या. मिस्त्री गॅस पेटवतो, चासी लाल करतो, जॅक लावतो आणि दुपारपर्यंत गाडी सरळ दिसू लागते. पण तिचा खरा ऐब त्या दुपारीच सुरू झालेला असतो.

ट्रकची चासी साध्या लोखंडाची नसते. ती जास्त ताकदीच्या पोलादाची असते आणि ती ताकद कारखान्यात ठरावीक रीतीने आणलेली असते. पोलाद लाल दिसू लागते तेव्हा उष्णता पाचशे-सहाशे अंशांच्या घरात गेलेली असते. एवढ्या उष्णतेनंतर त्या जागेची मूळ ताकद राहील याची खात्री देता येत नाही. मग लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला निघालेली भरलेली गाडी नेमकी त्याच जागी पुन्हा बसते किंवा तिथे चीर पडते. म्हणून बहुतेक ट्रक कंपन्या चासी गरम न करता सरळ करायला सांगतात.

पण मुळात चासी वाकली आहे का? पुष्कळदा नसते. कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटतो, यू-बोल्ट सैल होतात, ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. अशा गाडीच्या चासीला जॅक लावला तर चांगली चासी आपणच वाकवली. म्हणून आधी दोन्ही बाजूंना पुढच्या ते मागच्या ॲक्सलपर्यंत टेप लावा. फरक आला तर पाटे तपासा.

पाटे ठीक असतील तर रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करा. दोन्ही बाजूंच्या सारख्या जागा निवडा, जसे कमानीचे हँगर किंवा क्रॉस मेंबरचे बोल्ट. तिथून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा. गाडी बाजूला घ्या आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन कर्णांत एक सुतापर्यंत, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरपर्यंत, फरक असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर चासीची चौकट तिरकी झाली आहे. कर्ण बरोबर आहेत, पण मधली रेघ वाकडी आहे, तर बाजूचा मार आहे. केबिनच्या मागे चासी खाली बसली असेल तर ते बहुधा जादा मालाचे काम असते. ते दोरी ताणली की दिसते. पीळ मात्र फरशीवर कळत नाही. त्यासाठी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी लागते.

ओढण्यापूर्वी बॉडीचे यू-बोल्ट सैल करा. मार ज्या दिशेने बसला त्याच्या उलट दिशेने, साखळी आणि हायड्रॉलिक जॅकने हळू ओढा. जॅकखाली जाड पट्टी ठेवा, नाहीतर तिथेच खळगा पडतो. पोलाद थोडे परत येते, म्हणून मापाच्या किंचित पुढे न्या, जॅक सोडा, पुन्हा मोजा. हे चार-पाच वेळा करावे लागते आणि घाईचा मिस्त्री इथेच गॅस पेटवतो. ताणलेल्या साखळीवर जुनी गोधडी टाका आणि तिच्या रेषेत शागीर्दाला उभे राहू देऊ नका. तुटलेली साखळी बंदुकीच्या गोळीसारखी येते.

मग चिरा शोधा. जागा घासून तिला रॉकेल किंवा डिझेल लावा, कोरडी पुसा, वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर थोड्या वेळात ओली रेघ उमटते. रिबेटभोवती तांबूस गंज उतरलेला दिसला तर ते रिबेट सैल आहे. ते काढून होलात घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट टाका. चासीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला होल पाडू नका, वेल्डिंगही करू नका. सगळा ताण तिथेच असतो. दुसरीकडे वेल्डिंग करायचेच असेल तर बॅटरीची वायर आधी काढा. एप्रिल २०२० पासूनच्या भारत सहा गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा महाग आहे आणि एका ठिणगीचा खर्च मजुरीपेक्षा जास्त होतो.

चासीवर घडी पडली असेल, चीर असेल, किंवा चासी आधीच कुणी गरम केलेली असेल, तर काम घेऊ नका. गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जाईल, जाऊ द्या. मारुती ८०० सारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते. त्यांचे काम या रीतीने होत नाही. बोलेरोला मात्र शिडीसारखी चासी असते.

कायद्याचेही बघा. चासी नंबरच्या जागी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नका. नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल, उदाहरणार्थ चासीची लांबी वाढवणे, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. विम्याचा दावा असेल तर सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी खोलू नका.

ओढण्यापूर्वीची आणि नंतरची मापे बिलावर लिहून द्या. गाडी मालकाने आपल्याकडे दिलेली अमानत आहे. उद्या तो ती विकायला काढेल तेव्हा हाच कागद त्याच्या कामी येईल. व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि भरलेली गाडी एक-दोन फेऱ्या करून आली की बोल्ट पुन्हा आवळायला बोलवा. त्या वेळी कर्ण पुन्हा मोजा.